डिस्क नव्हती, फोल्डर होतं: घरच्या मीडिया सर्व्हरचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रमाला हात लावलेला नाही.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. घरातले काका नव्वदच्या दशकात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. गिऱ्हाइकाला कॉपी द्यायची आणि मास्टर कॅसेट स्वतःकडे ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. ते गेल्यावर माळा आवरताना सव्वाशेच्या आसपास व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. अर्ध्या गावाची लग्नं, मुंजी, यात्रेतली पालखी, शाळेची गॅदरिंगं आणि हौशी मंडळींची नाटकं.

काकू निवृत्त शिक्षिका. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी कॅनडात. कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई, आणि तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे जुना व्हीसीआर जोवर चालतोय तोवरच हे काम होणार. मुलानं तो दुरुस्त करून आणला, लॅपटॉपला कॅप्चरचं यंत्र जोडून दिलं, आणि काकू जेवणं झाल्यावर दुपारची एक कॅसेट लावू लागल्या. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही.

यूट्यूबवर का नाही टाकलं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एक तर लग्नं दुसऱ्यांची, त्यांना न विचारता चव्हाट्यावर कशी मांडायची? दुसरं, तेव्हाच्या प्रत्येक लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी डब केलेली असायची, आणि यूट्यूब ती ओळखून आवाज बंद करू शकतं किंवा व्हिडिओच अडवू शकतं. ढगातली, म्हणजे क्लाउडवरची, जागा भाड्यानं घेणंही महागात जात होतं. ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट या दरानं तासाला साडेतीन जीबीच्या वर जातं. सगळं मिळून सव्वा टीबीच्या पुढचा ऐवज.

या संग्रहाची खरी किंमत मात्र चित्रांत नाही, नावांत आहे. काकू कॅसेट बघता बघता लाल बांधणीच्या दोनशे पानी वहीत लिहायच्या. त्या वहीतलं एक पान माझ्यासमोर आहे:

«कॅसेट ४३. वाड्यातली मुंज. सुरुवातीला पाऊस, मांडव गळतोय. ०:२२ उजवीकडून तिसऱ्या वन्सं, हिरवं लुगडं. ०:४१ भटजींच्या मागे उभा तो पोस्टातला. १:१० नंतर आवाज नाही.»

वहीतलं मग सर्व्हरवर, म्हणजे चित्रफिती साठवून दाखवणाऱ्या घरच्या यंत्रावर, चढायचं: देवनागरीत शीर्षक, वर्णन, चित्रफितीत कोण कोण आहे त्यांची नावं, आणि हाती लागला तर प्रत्येकाचा एक फोटो. गावातलं कुणी येऊन «आमच्या आजीचा हलता-बोलता काही आहे का हो?» असं विचारायचं आणि काकू नाव टाकून काढून द्यायच्या.

## मांडणी

यंत्र म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला मिनी पीसी. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, २५६ जीबीची एसएसडी (यंत्राच्या आतली डिस्क), वर डेबियन लिनक्स आणि डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्यात चालवणारी व्यवस्था. कंपोझच्या, म्हणजे कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या, एकाच फाइलमध्ये दोन मुख्य कंटेनर: चित्रफिती दाखवणारं जेलीफिन आणि घरभरच्या जाहिराती अडवणारं ॲडगार्ड होम. घरातल्या सगळ्या उपकरणांचं डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणं, या दुसऱ्यातून जायचं. हे लक्षात असू द्या, पुढे त्यावर एक निर्णय अडला. कॅनडाहून बघता यावं म्हणून टेलस्केल (दूरची उपकरणं खासगी नेटवर्कनं जोडणारी सेवा) होतं, कारण ब्रॉडबँडवाल्याकडून स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नव्हता आणि बाहेरून थेट आत येण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडण्याचा मार्गच बंद होता. तो भाग पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालला.

चित्रफिती चार टीबीच्या डिस्कवर होत्या. ही डिस्क वेगळ्या डब्यात, यूएसबीनं जोडलेली, डब्याला स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर.

मांडणी करताना मुलानं तीन गोष्टी ठरवल्या होत्या. सुट्या सुट्या बघितल्या तर मीही त्याच ठरवल्या असत्या.

पहिली: जेलीफिनला चित्रफितींचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं दिलं. पडद्यावरून कुणी चुकून «डिलीट» दाबलं तरी मूळ फाइल जाऊ नये, हा हेतू. याचा दुसरा अर्थ असा की काकूंनी भरलेली नावं चित्रफितींशेजारी कुठंच लिहिली जात नव्हती. ती एसएसडीवर जेलीफिनच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, आणि फक्त तिथंच.

दुसरी: डिस्क सापडली नाही तरी यंत्र सुरू होताना अडून बसू नये म्हणून माउंटच्या (डिस्क एखाद्या फोल्डरच्या जागी जोडण्याच्या) नोंदीत «नोफेल» हा पर्याय घातला. ज्या यंत्राला पडदा-कीबोर्ड नाही आणि मालक दीडशे किलोमीटरवर आहे, तिथं हे शहाणपणाचंच.

तिसरी: काकूंच्या लॅपटॉपवरून नव्या फाइली रात्री आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं सर्व्हरवर जायच्या आणि पोचल्या की लॅपटॉपवरून आपोआप काढल्या जायच्या. लॅपटॉपची जागा थोडी, आणि काकूंना हातानं साफसफाई करायला लावणं बरं नव्हे.

संग्रह जेलीफिनमध्ये «चित्रपट» या प्रकारात नोंदवला होता, कारण माणसांची नावं तिथं नीट लावता येतात. इंटरनेटवरून माहिती आणणं बंद केलेलं होतं. ते आधी चालू राहिलं होतं, तेव्हा शेजारच्यांच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी भयपटाचं पोस्टर लागलं होतं. नवरदेवाकडच्यांना ते अजून सांगितलेलं नाही.

## काय घडलं

पावसाळ्याचे पहिले दिवस, संध्याकाळची वेळ, लाइट गेली. मिनी पीसी आणि राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर होते, ते चालू राहिले. डिस्कचा डबा मात्र शेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डावर होता आणि तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. चालू यंत्राखालून डिस्क निघून गेली.

टीव्हीवर चित्रफीत अडली. काकूंनी पुण्याला फोन लावला. मुलानं टेलस्केलमधून आत शिरून पाहिलं, नोंदींमध्ये डिस्कच्या वाचन-लेखनाच्या चुकांचा खच पडला होता. तोवर लाइट आली होती. त्यानं यंत्र रीबूट केलं, फोनवर जेलीफिन उघडलं, मुखपृष्ठावर सगळ्या कॅसेटींची चित्रं जागच्या जागी दिसली, आणि तो निर्धास्त झाला.

चित्रं दिसणारच होती. ती डेटाबेसमधून येतात, डिस्क असो वा नसो. आणि डिस्क नव्हतीच. त्या डब्याचं बटण दाबून सोडायच्या प्रकारचं आहे, वीज जाऊन आली की डबा आपणहून सुरू होत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं.

पुढचं रात्रीत आपोआप घडलं. डिस्क ज्या जागी माउंट होते ते फोल्डर एसएसडीवर असतंच. भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी तशीच राहावी, तसं. त्याच्या आतलं «चित्रफिती» हे उपफोल्डर मात्र डिस्कवरचं, त्यामुळे ते नव्हतं. कंपोझमध्ये आखूड पद्धतीनं लिहिलेला मार्ग (फोल्डरचा पत्ता) होस्टवर, म्हणजे मूळ यंत्रावर, सापडला नाही तर डॉकर तो निमूटपणे तयार करतं. हे दस्तऐवजात लिहिलेलं, ठरवून ठेवलेलं वागणं आहे. तसं ते तयार झालं, रिकामं, एसएसडीवर. रात्री लॅपटॉपवरून आरसिंक आलं, त्याला अपेक्षित फोल्डर सापडलं, त्यानं दोन नव्या कॅसेटी त्यात ठेवल्या आणि लॅपटॉपवरच्या काढून टाकल्या.

इथं एक बारकावा आहे. संग्रहाचं फोल्डर पूर्ण रिकामं दिसलं तर जेलीफिनच्या अलीकडच्या आवृत्त्या काहीतरी गडबड आहे असं समजून त्याला वगळतात. पण हे फोल्डर आता रिकामं नव्हतं. दोन फाइली होत्या. दर बारा तासांनी होणारं स्कॅन, म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची जेलीफिननं केलेली मोजदाद, पहाटे झालं, त्याला दोन कॅसेटी दिसल्या, बाकीच्या मालकानं काढून टाकल्या असाव्यात असा त्यानं अर्थ लावला आणि त्यांच्या नोंदी पुसल्या. दोन फाइली आल्या नसत्या तर बहुधा काहीच झालं नसतं.

सकाळी काकूंचा फोन: «अरे, दोनच कॅसेटी दिसतायत. बाकीचं गाव गेलं कुठं?»

## पहिला तास

हा तास निर्णायक होता म्हणून सविस्तर सांगतो.

मुलानं काकूंना डब्याचं बटण दाबायला सांगितलं, डिस्क हातानं माउंट केली. होस्टवर यादी काढली, सगळ्या फाइली जागेवर. जेलीफिनमध्ये पुन्हा स्कॅन लावलं, तरी दोनच. पुन्हा लावलं, दोनच. होस्टला दिसतंय ते कंटेनरला का दिसत नाही? कारण कंटेनर सुरू होताना जे फोल्डर त्याला जोडून दिलं होतं ते एसएसडीवरचं होतं. नंतर त्या जागेवर डिस्क येऊन बसली, पण चालू कंटेनरपर्यंत ती बातमी पोचत नाही. डॉकरचे असे माउंट मूळ सेटिंगमध्ये खासगी असतात.

मग त्यानं कंटेनर रीस्टार्ट केला. आता जेलीफिनला खरी डिस्क दिसली आणि सव्वाशे कॅसेटी परत आल्या. पण «व्हीएचएस ०४३» अशा नुसत्या फाइलीच्या नावांनी. शीर्षकं, वर्णनं, माणसं, फोटो, काहीच नाही. आणि सकाळी दिसत असलेल्या त्या दोन कॅसेटी आता नाहीशा झाल्या.

मला फोन आला तो इथं. मी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे जेलीफिन थांबव, आणि त्याच्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग आणि डेटाबेस असलेल्या, फोल्डरची आहे त्या अवस्थेत एक प्रत काढून ठेव. बिघडलेल्या अवस्थेचीसुद्धा प्रत हवी. मुलगा तेव्हा सगळे कंटेनर आणि इमेज (कंटेनर ज्यांवरून बनतात ते साचे) साफ करून नव्यानं उभं करायच्या विचारात होता. कंटेनर टाकून नवा घेता येतो हे खरं, तेच त्याचं सुख. पण टाकून नवं मिळतं ते फक्त जेलीफिन. काकूंची दुपार नव्यानं डाउनलोड होत नाही.

## समोरचे पर्याय

दोन वेगळे प्रश्न होते आणि ते वेगळे ठेवणं गरजेचं होतं.

हरवलेल्या दोन कॅसेटींचा प्रश्न सोपा निघाला. पुन्हा कॅप्चर करता आल्या असत्या, पण त्यातली एक टेप आधीच दोनदा अडकली होती, व्हीसीआरमध्ये पुन्हा घालायची काकूंची तयारी नव्हती. एसएसडी किती भरली आहे हे एका आज्ञेनं विचारलं आणि फोल्डरांची बेरीज दुसरीनं. दोन्हींत वीस जीबीच्या वर तफावत. म्हणजे फाइली एसएसडीवरच होत्या, फक्त त्यांच्या डोक्यावर डिस्क माउंट होऊन बसल्यानं झाकल्या गेल्या होत्या. मूळ फाइलव्यवस्था दुसऱ्या एका फोल्डरवर बाइंड करून, म्हणजे तिथूनही दिसेल अशी जोडून, पाहिली की वरचे माउंट आड येत नाहीत. तिथं दोन्ही फाइली सुखरूप होत्या.

नावांचा प्रश्न अवघड. काकूंनी सगळं वहीवरून पुन्हा भरायचं, हा एक मार्ग. त्या म्हणाल्याही, «भरीन की.» पण फोटो वहीत नव्हते, आणि हे काम त्यांच्या गळ्यात घालणं शेवटचा उपाय म्हणूनच ठीक. दुसरा मार्ग, डेटाबेस फाइलमधली पुसलेली पानं खोदून काढायची. एसक्यूलाइट या जेलीफिनच्या डेटाबेस प्रकारात ते कधी कधी जमतं, पण त्यानंतर सकाळभरात तीन स्कॅन होऊन त्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं. तिसरा मार्ग बॅकअपचा. मुलाचा महिन्यातून एकदा कॉन्फिगचं फोल्डर पुण्याला नेणारा बॅकअप होता, शेवटचा तीन आठवड्यांपूर्वीचा. अडचण इतकीच की तो जेलीफिन चालू असताना घेतलेला. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून नेली तर ती अर्धवट लिहिलेली असू शकते. सोबतची वॉल फाइल (मुख्य फाइलीत अजून न उतरलेले बदल ठेवणारी) बॅकअपमध्ये होती, आणि एकसंधतेच्या चाचणीत डेटाबेस निर्दोष निघाला. याला नशीब म्हणायचं, पद्धत नव्हे.

बॅकअप थेट जुन्याच्या जागी ठेवायचा की आधी बाजूला उघडायचा, यावर आम्ही थोडे घुटमळलो. थेट ठेवला तर पाच मिनिटांचं काम. पण एखादं स्कॅन चुकीच्या क्षणी सुटलं तर ही प्रतही पुसली जाणार. बाजूला उघडायचं ठरलं.

## काय केलं

बॅकअपची एक प्रत घेऊन तिच्यावर दुसरा जेलीफिन कंटेनर वेगळ्या पोर्टवर उभा केला. कंटेनरच्या आतला चित्रफितींचा मार्ग अक्षरशः पूर्वीचाच ठेवला, कारण जेलीफिन नोंदीची ओळख फाइलीच्या मार्गावरून बनवतं. मार्ग बदलला की जुनी नोंद आणि फाइल यांची गाठ सुटते. सुरू करण्याआधी डिस्क खरोखर माउंट आहे ना हे पाहिलं, आणि सुरू केल्यावर कंटेनरच्या आत शिरून यादी पुन्हा पाहिली. सगळी नावं दिसली. कॅसेट ४३, मुंज, गळका मांडव, वन्सं.

आता ही नावं डेटाबेसच्या बाहेर काढायची होती. जेलीफिन प्रत्येक चित्रफितीशेजारी एनएफओ नावाची छोटी मजकूर फाइल लिहू शकतं. साधं एक्सएमएल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं, देवनागरी जशीच्या तशी. फोटोही फोल्डरात ठेवता येतात. पण त्यासाठी लिहिण्याची परवानगी लागते, आणि तीच तर सुरक्षेसाठी काढून घेतली होती.

इथं वाद झाला. मुलाचं म्हणणं, परवानगी दिली तर उद्या टीव्हीवरून पाहुण्यांचं पोर काहीतरी डिलीट करेल. त्याची भीती खोटी नव्हती. तोडगा लिनक्सच्या जुन्या पेटाऱ्यात सापडला. चित्रफितींच्या फाइली आणि फोल्डर एका वेगळ्या युजरच्या मालकीचे केले, फोल्डरला गटासाठी लिहिण्याची परवानगी दिली आणि वर स्टिकी बिट लावला. जेलीफिन स्वतःच्या साध्या युजरनं, त्या गटात, चालवला. स्टिकी बिट असलेल्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी असलेला कुणीही नवी फाइल करू शकतो, पण दुसऱ्याच्या मालकीची फाइल काढू किंवा तिचं नाव बदलू शकत नाही. जेलीफिन एनएफओ लिहितं, चित्रफितीला धक्का लावू शकत नाही. डिस्क ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइलव्यवस्थेत होती म्हणून हे जमलं. एक्सफॅट असती तर या परवानग्यांना काही अर्थ नव्हता. आणि कंटेनर रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत असता तरीही नव्हता.

बाजूच्या कंटेनरमध्ये एनएफओ चालू करून, एपीआयमधून (प्रोग्रॅमनं प्रोग्रॅमशी बोलायच्या वाटेनं) प्रत्येक नोंद वाचून तीच परत जतन करणारी छोटी स्क्रिप्ट चालवली. फोल्डरात एकेक फाइल उमटत गेली. काही उघडून वहीशी ताडून पाहिल्या, मगच मुख्य जेलीफिनला त्या वाचायला लावल्या.

राहिला मूळ रोग. सरळ उपाय होता तो डॉकरच्या सेवेलाच बजावण्याचा की ही डिस्क माउंट झाल्याशिवाय सुरू होऊ नकोस. सिस्टमडीत (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) ती एका ओळीची गोष्ट आहे. पण मग डिस्क बंद पडली की ॲडगार्डही बंद, म्हणजे घरातलं डीएनएस बंद, म्हणजे काकूंच्या लेखी इंटरनेट गेलं. आणि टेलस्केलमधून आत येऊन दुरुस्ती करायची त्याच वेळी घरातले सगळे «नेट नाही» म्हणून फोनवर. तो पर्याय सोडला. त्याऐवजी जेलीफिनची कंपोझ फाइल वेगळी काढली, तिच्यासाठी सिस्टमडीची स्वतंत्र सेवा लिहिली आणि माउंटची अट फक्त तिला घातली. त्या कंटेनरचं आपोआप रीस्टार्ट बंद केलं, नाहीतर डॉकर सेवेला न विचारता परस्पर त्याला उठवतं.

कंपोझमध्ये चित्रफितींचा मार्ग लांब पद्धतीनं लिहून, होस्टवर फोल्डर नसेल तर तयार करू नकोस असं स्पष्ट नमूद केलं. डिस्क काढलेल्या अवस्थेत माउंटच्या रिकाम्या फोल्डरला अपरिवर्तनीय हा गुणधर्म लावला, म्हणजे रूटलाही तिथं फाइल करता येत नाही. डिस्क माउंट झाली की हा गुणधर्म आड येत नाही. या तिन्हींत मला हा शेवटचा सगळ्यांत आवडतो, कारण उद्या कुणी नवा कंटेनर किंवा स्क्रिप्ट आणली, तरी तिला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आरसिंकच्या आधी माउंट आहे का याची तपासणी घातली, आणि लॅपटॉपवरची फाइल काढण्याचं काम त्यापासून तोडलं. ते आता आठवड्यानं, दोन्हीकडचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळल्यावर होतं. बॅकअप आठवड्याचा केला. तेवढी दोन मिनिटं जेलीफिन थांबतं. चित्रफितींची दुसरी प्रत एका डिस्कवर मामांकडे ठेवली.

डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतला. पीसी आणि डिस्क मिळून इन्व्हर्टरला दोन-तीन बल्बांइतकाही बोजा नाही. इन्व्हर्टर मागच्या खटक्यानं यूपीएस मोडवर टाकला, कारण साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना पडणारा खंड डब्याला सोसत नव्हता. दाबून सोडायच्या बटणाचा डबा बदलून साध्या खटक्याचा आणला.

## निष्पत्ती

बॅकअपपर्यंतची सगळी नावं आणि फोटो परत आले. नंतरच्या तीन आठवड्यांतल्या कॅसेटी काकूंनी वहीवरून पुन्हा भरल्या. त्यांतले फोटो मात्र पुन्हा शोधावे लागले, काही अजून लागलेले नाहीत. दोन झाकलेल्या कॅसेटी जागेवर गेल्या.

दिवाळीत मुलगा घरी आला तेव्हा आम्ही मुद्दाम डब्याची यूएसबी काढून यंत्र रीबूट केलं. जेलीफिन उठलं नाही, ॲडगार्ड चालू राहिलं, रात्रीचं आरसिंक फाइलींना हात न लावता परत गेलं आणि मुलाच्या फोनवर डिस्क नसल्याचा टेलिग्रामचा संदेश आला. पहिल्या खेपेला संदेश आलाच नव्हता, तो पाठवणाऱ्या स्क्रिप्टला टोकन (टेलिग्रामसाठीची गुप्त परवल) असलेली फाइल वाचायची परवानगी नव्हती. ती दिली आणि पुन्हा यूएसबी काढली.

एका गोष्टीचा तोटा झाला तो मान्य करायला हवा. पूर्वी लाइट जाऊन आली की, डिस्क असो नसो, टीव्हीवर काहीतरी उघडायचं. आता डिस्क नसेल तर जेलीफिनच सापडत नाही, आणि काकूंना ते जास्त भीतीदायक वाटतं. त्यासाठी टीव्हीमागे एक कागद चिकटवला आहे: आधी डब्याचा निळा दिवा बघ, मग फोन कर.

## वेगळं काय करता आलं असतं

रीबूटच्या आधी एक प्रश्न फोनवर विचारायला हवा होता: डब्याचा दिवा लागलाय का? दुरून काम करणाऱ्याला पडद्यावरच्या नोंदींवर विसंबायची सवय लागते. काकू त्या क्षणी डब्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या.

मुखपृष्ठावरची चित्रं हा पुरावा नव्हता. एक चित्रफीत चालवून पाहिली असती तर त्याच संध्याकाळी उलगडा झाला असता, कारण आरसिंक आणि स्कॅन दोन्ही अजून व्हायचे होते.

सकाळी स्कॅनवर स्कॅन लावण्याऐवजी आधी थांबवायला हवं होतं. पहिल्या स्कॅननं नोंदी पुसल्या, पुढच्या स्कॅननी पुसलेल्या जागेवर लिहिलं. दुसऱ्या मार्गानं खोदकाम करायची वेळ आली असती तर हीच गोष्ट महागात पडली असती.

फक्त वाचण्यापुरतं माउंट करण्याच्या मूळ निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. पण तो घेताना एक प्रश्न सुटला: माणसानं हातानं भरलेली माहिती नेमकी कुठं लिहिली जाते? चित्रफिती सुरक्षित ठेवण्याच्या नादात नावं एकाच फाइलवर लटकत राहिली. नवा सर्व्हर मांडताना मी आता पहिली नोंद भरतो, ती डिस्कवर कुठं उमटली ते शोधतो, कंटेनर पूर्ण काढून परत उभा करतो, आणि ती नोंद परत आली तरच दुसरी भरू देतो.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. काकूंनी «आमच्या आळीतली माणसं», «गेलेली माणसं» अशा प्लेलिस्ट केल्या आहेत, त्या एनएफओमध्ये उतरत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्याचा बॅकअप एवढाच आधार. आणि वहीची दुसरी प्रत अजून कुठंच नाही. मुलगा तिचे फोटो काढून ठेवणार आहे. काकू म्हणतात, आधी ती भरू दे.